लहान मुलांची शास्त्रीय संगीत स्पर्धा घ्यायची आहे. नियम कसे ठेवावेत?

आसावरी_सेलू
नमस्कार मंडळी,

सेलूत (जि. परभणी) आम्ही पाच-सहा जण मिळून येत्या डिसेंबरात १० ते १८ वयाच्या मुलांसाठी शास्त्रीय संगीताची स्पर्धा घ्यायचं म्हणतोय. गायन, तबला-पखवाज आणि जमलं तर बासरी-संवादिनी. शाळेचा हॉल मिळतोय, दोन व्यापाऱ्यांनी जेवणाचं अंगावर घेतलंय. अडलंय ते नियमांपाशी.

का घ्यायची, ते आधी सांगते. आमच्या क्लासमधली तेरा वर्षांची एक मुलगी. गेल्या हिवाळ्यात तिला आम्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या एका स्पर्धेला नेलं. "तुमचा नंबर दुपारी चारच्या सुमाराला" असं आदल्या दिवशी कळवलं होतं, म्हणून गुरुजींनी मुलतानी हा दुपारचा राग ठरवला. तीन महिने त्या पोरीने तो कोमल गंधार आणि तीव्र मध्यम घासला. प्रत्यक्षात नऊची स्पर्धा साडेदहाला सुरू झाली. ४७ स्पर्धक. तिचं नाव पुकारलं रात्री पावणेनऊला. वेळ आठ मिनिटं. विलंबित (संथ) एकतालात स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, भरून ती दुसऱ्या भागाकडे, अंतऱ्याकडे वळतेय तोवर घंटा. उठता उठता परीक्षकांनी माइकवरून सांगितलं, "रागाच्या वेळेचं भान ठेवत जा, बाळ."

परत येताना जीपमध्ये ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर तीन आठवडे तिने तंबोऱ्याची गवसणी काढली नाही. आता क्लासला येते, पण स्टेजचं नाव काढलं की गप्प होते.

म्हणून वाटलं, स्पर्धा आपणच घ्यावी आणि नीट घ्यावी. प्रश्न असे : वेळ किती द्यावा? वयोगट कसे पाडावेत? पेटी चालेल का? घंटा ठेवावी की नाही? ज्यांनी भाग घेतलाय, परीक्षण केलंय, साथ केलीय, त्यांनी सगळ्यांनी लिहा.

---

तबलावाला_बीड
ताई, नियमांआधी साथीदारांचं बघा. पोस्टरवर परीक्षकांची नावं मोठी असतात, पण लेकराचं गाणं बसतं की पडतं ते तबल्यावर.

काळी चार पट्टीत (पट्टी म्हणजे ज्याच्या-त्याच्या 'सा'ची उंची) गाणाऱ्या मुलीला जो तबला लागतो, तो काळी एकच्या मुलाला चालत नाही. एक तबला हातोडीने फार तर एखादा सूर वर-खाली होतो, त्यापुढे पुडी (वरचं कातडं) तरी फाटते नाहीतर बोल बसका होतो. तरी बहुतेक ठिकाणी एकच जोड ठेवलेली असते आणि "जरा चढवून घ्या" म्हणतात. मग त्या पोराने आपला सा सोडायचा का?

मी स्वतः एका जागी सकाळपासून रात्रीपर्यंत एकट्याने ३८ जणांना साथ केलीय. पहिल्या दहांना माझा ठेका मिळाला तो विसाव्याला मिळाला नाही आणि तिसाव्याला तर मुळीच नाही. बोटं आंबतात, लय नकळत पुढे जाते. त्यात त्या लेकरांचा काय दोष? कमीत कमी दोन तबलजी ठेवा. पांढरी एक-काळी एकचा एक तबला, पांढरी पाच-काळी चारचा एक, काळी पाचचा एक. सुरू व्हायच्या अर्धा तास आधी प्रत्येक लेकराला साथीदाराबरोबर पाच मिनिटं बसू द्या.

---

हिंगोलीची_सून
लेकरांना वेळेवर जेवू घाला. उपाशी पोटी षड्ज लागत नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

निषाद
मूळचा जालन्याचा, नोकरीनिमित्त पुण्यात. बऱ्याच ठिकाणी परीक्षक म्हणून बसलोय, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूचंही ऐका.

घंटा हवी. घंटा नसली की पहिली चार मुलं २५-२५ मिनिटं घेतात आणि त्याची शिक्षा शेवटच्या चाळिसाव्या मुलाला होते. तुमच्या मुलीचं नेमकं तेच झालं. आठ मिनिटांच्या घंटेने तिला जेवढं दुखावलं, त्याहून जास्त रात्री पावणेनऊने दुखावलं असणार.

आठ मिनिटांत बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली रागाची सविस्तर मांडणी, मात्र होत नाही, हे शंभर टक्के मान्य. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटाच्या आसपास जातं. म्हणजे आठ मिनिटांत आठ आवर्तनं. त्यात स्थायी-अंतरा, आलाप, बोलआलाप, ताना आणि वर द्रुत बंदिश! मुलं मग काय करतात? विलंबिताची दोन आवर्तनं म्हणून दाखवतात आणि ताना सुरू करतात. आम्ही बसतो ताना मोजत. राग कुठे गेला ते कुणालाच कळत नाही.

माझं मत : १४ वर्षांखाली बडा ख्याल सक्तीचा ठेवूच नका. मध्यलय झपताल किंवा रूपकात एक बंदिश, थोडा आलाप, थोड्या ताना. दहा मिनिटांत सुंदर होतं. १४ च्या पुढे बडा ख्याल आणि वीस मिनिटं.

---

आसावरी_सेलू
@तबलावाला_बीड, वेगवेगळ्या पट्टीच्या तबल्यांचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहून घेतलं.
@निषाद, मुलतानीचं बोलणं लागलं ते वेळेच्या नियमामुळे नाही हो. ज्यांनी उशीर केला त्यांनीच तिला वेळ शिकवली, ते लागलं.

---

निषाद
ते चूकच झालं. परीक्षकाने माइक हातात घेतला की समोर दीडशे लोक असतात आणि लेकरू एकटं असतं. जे सांगायचं ते टेबलाशी बोलावून सांगावं.

---

धाराशिवकर
मी वेगळा सूर लावतो. स्पर्धाच कशाला? संगीत ही काय धावण्याची शर्यत आहे? बागेश्री गाणाऱ्या मुलीला ८२ आणि भूप गाणाऱ्या मुलाला ७९ हे तीन गुण कुठून काढले, ते कुणी मला समजावून सांगावं. दोन दिवसांचं संमेलन घ्या. सगळ्यांना गाऊ द्या, शेवटी एखाद्या मोठ्या गायकाची मैफल ठेवा. क्रमांक नको, ढाल नको, रडारड नको.

---

लातूरपॅटर्न
दादा, मी बारावीला आहे, लातुरात होस्टेलवर. मुलाच्या बाजूने सांगतो.

"संमेलन आहे" म्हणून मी सुट्टी मागितली तर मला कॉलेजही सुट्टी देत नाही आणि बाबाही. "स्पर्धा आहे, जिल्ह्यात दुसरा आलो होतो" म्हटलं की दोघंही देतात. माझ्या मध्यमा पूर्ण या संगीतपरीक्षेच्या सर्टिफिकेटने घरात जे झालं नाही ते त्या एका चषकाने झालं. तो टीव्हीच्या शेजारी ठेवलाय, पाहुणे आले की बाबा स्वतःहून दाखवतात.

इथं पहाटे पाचला उठून नीटचे पेपर सोडवतो. आमच्या बॅचमध्ये संगीताच्या विशारद परीक्षेपर्यंत गेलेली तीन मुलं आहेत, तिघांचीही वाद्यं गावाकडे. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात तोवर घरचे क्लासला पाठवतात. गुण मिळाले की पेटी माळ्यावर. स्पर्धा असेल तर निदान वर्षातून एकदा ती खाली उतरते. मी रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे कानात तंबोऱ्याचं ॲप लावून अर्धा तास खर्ज (खालचे सूर) लावतो. त्यालाही काहीतरी निमित्त लागतं ना.

---

धाराशिवकर
@लातूरपॅटर्न, तुझं वाचून मी माझं म्हणणं निम्मं मागे घेतो. निम्मंच. गुणांचं अजून पटलेलं नाही. टाकीमागचा खर्ज सोडू नकोस.

---

जुना_रसिक
गुणांवरून वाद चाललाय म्हणून लिहितो. हा वाद आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी फार बारकाईने हाताळून ठेवलाय.

देवगिरीला (आजच्या दौलताबादला) यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, हा स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा मोठा अधिकारी. त्याने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा ग्रंथ. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा त्याला आपला मानतात. आपण दौलताबादचा किल्ला बघायला जातो, भुयारी मार्गात वटवाघळं बघतो आणि परत येतो. तो ग्रंथ तिथे लिहिला गेला, हे आपल्या लेकरांना कुणी सांगत नाही.

त्याच्या तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात गायकाचे २५ दोष दिलेत. काही सांगतो. संदष्ट म्हणजे दात आवळून गाणारा. भीत म्हणजे घाबरत गाणारा. कराली म्हणजे भयंकर तोंड वासणारा. काकी म्हणजे कावळ्यासारख्या आवाजाचा. करभ म्हणजे उंटासारखी मान वर करून गाणारा. तुंबकी म्हणजे भोपळ्यासारखे गाल फुगवणारा. निमीलक म्हणजे डोळे मिटून गाणारा. अनवधान म्हणजे ज्याचं लक्ष नाही असा. सानुनासिक म्हणजे नाकात गाणारा. स्थानभ्रष्ट, अपस्वर, अव्यक्त हे तर आहेतच.

आता बघा, यातला एकही दोष "गुण ७९" असा नाही. प्रत्येकाला नाव आहे, आणि नाव असलेला दोष दुरुस्त करता येतो. परीक्षकांनी प्रत्येक लेकराला एक कागद द्यावा : तुझं हे चांगलं, तुझं हे सुधार. क्रमांक ज्यांना काढायचे त्यांनी काढावेत.

त्यानेच गायकांचे पाच प्रकारही केलेत : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. अनुकार म्हणजे दुसऱ्याचं हुबेहूब उतरवणारा. आज यूट्यूबवरून एकेक तान उचलून आणणारी पोरं बघितली की हा शब्द आठवतो. लहानपणी अनुकार असणं गैर नाही, शिकणं तिथूनच सुरू होतं. परीक्षकाला मात्र ते ओळखता आलं पाहिजे.

---

हिंगोलीची_सून
डोळे मिटून गाणं हा दोष? आमच्या गुरुजींचं काय करायचं मग!

---

जुना_रसिक
आमच्याही. :) पण गंमत बाजूला ठेवली तरी श्रोत्यांशी आणि साथीदाराशी नजरानजर हवी, यात तथ्य आहेच. सम (तालाची पहिली मात्रा) गाठताना तबलजीकडे बघणारं लेकरू बघा, त्याचा चेहराच उजळतो.

---

मृदंगी
अंबाजोगाईकडचा आहे. मनात साठलंय ते लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मराठवाड्यात शास्त्रीय संगीत नाही, असं बाहेरचे म्हणतात आणि आपणही माना डोलावतो. अरे, गावोगाव हरिनाम सप्ताह आहेत. दहा-अकरा वर्षांचं पोरगं सलग तीन तास पखवाज वाजवतं. कीर्तनात महाराज मध्येच चाल बदलतात, लय बदलतात, आणि ते पोरगं बुवांच्या हाताकडे बघून बरोबर पकडतं. इतका रियाज शहरातल्या कुठल्या क्लासात होतो, दाखवा. आमच्या तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू याच वारकरी मातीतून वर आले, पखवाजासाठी पद्मश्री झाले, देशभर वाजवून आले.

आता माझ्या पुतण्याची गोष्ट. चौदा वर्षांचा. एका स्पर्धेला 'तालवाद्य' गटात नेला. तबला आणि पखवाज एकत्र. त्याने चौताल धरला. थोडा प्रस्तार, साथ-परण, रेला, शेवटी चक्रदार. हात असा गोड की मागची माणसं उठून पुढं आली. निकाल लागला तेव्हा गुणपत्रक मागून घेतलं. त्यात रकाने होते : पेशकार, कायदा, रेला, गत-तुकडे. पेशकाराला शून्य, कायद्याला शून्य! पखवाजात पेशकार-कायदा नसतो हो. ज्याने तो कागद छापला त्याने तबल्याचाच विचार केला होता, आणि परीक्षकांनी तो कागद तसाच भरला.

पोरगं मला विचारतंय, "काका, पेशकार कसा वाजवायचा?" काय सांगू त्याला?

दुसरं, गायनाचं. आमच्याकडची पोरं भजनातून येतात, आवाज मोकळा असतो, खुल्या मैदानावर माइक नसताना गायलेला असतो. त्यांना परीक्षक म्हणतात "कीर्तनी गळा आहे". दोष म्हणून म्हणतात. तो दोष नाही. तो गळा आधी ऐकून घ्या, मग त्याला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) शिकवा.

ताई, एवढंच करा. पखवाजाचा कागद वेगळा छापा. आणि टेबलावर ओली कणीक ठेवा, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला. आमच्या पोराला ती बाहेर चहावाल्याकडे मागत फिरावं लागलं होतं.

---

आसावरी_सेलू
@मृदंगी काका, तुमचं पोस्ट आमच्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कणीक माझ्या घरून येईल. पुतण्याला पाठवाल ना?

---

मृदंगी
येईल. मी घेऊन येतो.

---

तबलावाला_बीड
मृदंगीदादा, मी तबल्याचा माणूस, तरी सांगतो, तुमचं शंभर टक्के खरं आहे. आणखी एक. तालवाद्याच्या पोरांना लेहरा, म्हणजे तालाच्या मापाची फिरत राहणारी धून, धरणारा चांगला पेटीवाला लागतो. लेहरा हलला की सोलो कोसळतो आणि नाव पोराचं खराब होतं. बहुतेक ठिकाणी गायनाला बसवलेल्या पेटीवाल्यालाच "जरा लेहरा धरा" म्हणतात. हे काम वेगळं आहे. तीनतालाचा लेहरा वीस मिनिटं एका लयीत धरून ठेवणारा माणूस शोधून आणा.

---

पेटीवाली
पेटीचा विषय निघालाच तर दोन गोष्टी.

पेटी नको म्हणणारे जुने आहेत. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली. कारण हेच, की पेटीचे सूर ठोकळ, त्यावर श्रुती (सुरांमधले बारीक फरक) दाखवता येत नाहीत. तोडी रागाचा गंधार पेटीला दाबून बघा, लगेच कळेल. तरीही लहान मुलांच्या गाण्याला मी पेटी ठेवायच्या बाजूची आहे. एकटं बसलेलं दहा वर्षांचं लेकरू सूर हरवलं तर तिथून उचलून आणायला कुणीतरी हवं. फक्त पेटीवाल्याने पुढे-पुढे करू नये. लेकरू गाईल तेवढंच मागून धरावं. मी अशी माणसं बघितलीत की मूल सा लावायच्या आत यांची तान वाजून झालेली असते.

१४ च्या वरच्या गटात तंबोरा हवाच, आणि खरा तंबोरा. मशीन, ॲप हे घरच्या रियाजाला ठीक आहे. स्टेजवर लाइट गेली की मशीन बंद. मोबाइलच्या ॲपवर तर गाणं ऐन रंगात असताना कुणाच्या तरी मामाचा फोन येतो, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

गोदाकाठ
लाइट गेल्यावरून आठवलं. ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची, नांदेडची. गुरुजींच्या घरी आम्ही आठ-दहा पोरं बसलो होतो. लाइट गेली, तसं गुरुजी म्हणाले, "आता ऐका." अंधारात दोन तंबोरे तेवढे वाजत होते. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागला. कुणी वाजवत नव्हतं, पण होता. तोवर मी नुसता सा-प-सा ऐकत होतो. त्या रात्री मला कान आला.

आमच्या नांदेडचे नाथराव नेरळकर. अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, पुढे औरंगाबादेत राहून पिढ्या घडवल्या. २०२१ मध्ये गेले. तीन दारं पलीकडून त्यांचा आवाज ओळखू यायचा. ते गाताना मजेत असायचे आणि ती मजा समोरच्याला लागायची. परीक्षक निवडताना गाण्यावर असा लोभ असलेली माणसं निवडा. पदव्या नंतर बघा.

नांदेडच्या मंडळींनी आणखी एक करावं. पहाटे सचखंड गुरुद्वाऱ्यात लेकरांना घेऊन जावं आणि कीर्तन ऐकवावं. गुरू ग्रंथसाहिबाची रचनाच रागांनुसार आहे, ३१ राग. आसा राग म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नाही, तिथं पायरीवर बसून कळलं.

---

लातूरपॅटर्न
काका, तो गंधार मशीनमध्ये ऐकू येतो का?

---

गोदाकाठ
थोडा येतो बाळा. पण खऱ्या तंबोऱ्यात जवारी (तारेचा घुमारा) लागली की जो येतो तो वेगळा. तारेखालचं सूत हलवता हलवता एका जागी तार उघडते, तेव्हा कळतं. सुट्टीत नांदेडला ये, बसू.

---

जुना_रसिक
धागा थोडा भरकटतोय, पण तंबोऱ्याचं निघालंच आहे तर सांगतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. कोरडी हवा लागते त्या पिकाला, भोपळा वेलावरच नीट वाळावा लागतो. कोरडी हवा तर आपल्याकडेही आहे. आपल्या एखाद्या शेतकऱ्याने करून बघायला हवं.

---

धाराशिवकर
आमच्या भागात सोयाबीनला भाव मिळत नाही तेव्हा हा विचार खरंच कुणीतरी करावा. पण घेणार कोण, किती घेणार, हे आधी मिरजेत जाऊन विचारलं पाहिजे.

---

हिंगोलीची_सून
वयोगटाचं कुणीच बोललं नाही. माझा मुलगा साडेतेराचा आहे आणि त्याचा आवाज फुटतोय. गेल्या वर्षी पांढरी पाचमध्ये खणखणीत गायचा. आता सकाळी एक आवाज, संध्याकाळी दुसरा. वरचा सा लावला की चिरकतो. त्याला १४ खालच्या गटात टाकलं तर मुलींसमोर तो कुठेच टिकत नाही. त्याने सध्या गाऊच नये का?

---

निषाद
गाऊ द्या, फक्त वर जायला लावू नका. या काळात पट्टी खाली घ्यावी. पांढरी पाच होती ना, आता मंद्र-मध्य (खालच्या-मधल्या) सप्तकातच राहावं. तार सप्तकाच्या ताना सहा महिने-वर्षभर बंद. जे शिक्षक "जोर लाव, निघेल" म्हणतात त्यांच्यापासून मुलाला वाचवा. याच वयात अनेक मुलगे गाणं कायमचं सोडतात.

स्पर्धेसाठी सूचना : प्रवेशअर्जात पट्टी लिहायचा रकाना ठेवा, आणि "आवाज बदलत आहे" असाही एक. परीक्षकांना आधी कळलं की ते तार सप्तक मागणार नाहीत, लय आणि रागाची समज बघतील. यासाठी वेगळा गट करायची गरज नाही.

आणि पुढचा रस्ता मुलांना सांगा. सीसीआरटीची (केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची) शिष्यवृत्ती १० ते १४ वयाला आहे. आकाशवाणीची स्पर्धा १६ ते २४ ला. विद्यापीठांचे युवक महोत्सव आहेतच. सेलूचं बक्षीस हा शेवट नाही, हे त्यांना तिथेच कळायला हवं.

---

हिंगोलीची_सून
मनापासून आभार. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी बिघडलो नाही ना?"

---

तबलावाला_बीड
नाही बाळा. तबल्याची पुडी बदलली की नवी पुडी बसेपर्यंत सूर हलतोच.

---

निषाद
मूळ प्रश्नाकडे येऊ. मी हिशेब मांडला.

४० मुलं, प्रत्येकी ८ मिनिटं आणि बसणं-उठणं-लावणं ३ मिनिटं, म्हणजे ४४० मिनिटं. सात तास वीस मिनिटं, जेवण धरून साडेआठ. कागदावर बसतं, म्हणून सगळे हेच करतात. वीस मिनिटं दिली तर त्याच ४० मुलांना ९२० मिनिटं लागतात. ते एका दिवसात होणे नाही.

म्हणून मुलं कमी घ्या. दिवसाला १६, असे दोन दिवस. १६ जणांना प्रत्येकी २५ मिनिटं धरली तरी ४०० मिनिटं, पावणेसात तास. त्यासाठी आधी ध्वनिमुद्रण मागवा. मोबाइलवर केलेलं चालेल, पाच मिनिटांचा नुसता आलाप आणि बंदिश, साथ नसली तरी हरकत नाही. ज्यांची निवड होणार नाही त्यांनाही जुना_रसिक म्हणतात तसा कागद पाठवा.

आणि रागांच्या वेळा. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन भाग करून अर्जातच विचारा, कोणत्या भागात गाणार? भैरव-तोडीवाले सकाळी, सारंग-भीमपलास-मुलतानीवाले दुपारी, यमन-बिहागवाले संध्याकाळी. भाग उशिरा सुरू झाला तर ती चूक आयोजकांची, त्याचा एकही गुण मुलाचा कापायचा नाही. हे नियमातच छापा.

---

पेटीवाली
+१. आणि घंटेऐवजी दिवा ठेवा. दोन मिनिटं उरली की परीक्षकांच्या टेबलावरचा छोटा दिवा लागेल, मुलाला समोर दिसेल. गाण्यावर घंटा वाजली की तिचा सूर तंबोऱ्याशी भांडतो आणि मुलाचा सा हलतो.

---

धाराशिवकर
निवडीत ३२ घेणार. बाकीच्यांचं काय? ज्यांना कागद मिळाला त्यांनी आपला आवाज कुठे काढायचा?

---

आसावरी_सेलू
तुमच्याच म्हणण्याचं निम्मं घेतलंय, धाराशिवकर. आम्ही काल बसलो होतो. ठरलं ते असं :

दोन दिवस, ३२ मुलं. १४ खाली दहा मिनिटं, वर वीस. तीन प्रहरांचे तीन भाग. दोन तबलजी, एक पखवाजी आणि लेहऱ्याला वेगळा पेटीवाला. तबला आणि पखवाजाचे कागद वेगळे. घंटा नाही, दिवा. प्रत्येक मुलाला परीक्षकांच्या सहीचा कागद, त्यावर आधी काय चांगलं ते, मग काय सुधारायचं ते. माइकवरून कुणीही मुलांना काही शिकवणार नाही. आणि आदल्या संध्याकाळी ज्यांची निवड झाली नाही त्या सगळ्यांसाठी मोकळी बैठक. सतरंजी, दोन तंबोरे, तबला. ज्याला जे येतं ते त्याने गावं. क्रमांक नाही. धाराशिवकर, ती बैठक तुम्ही सांभाळणार का?

जेवण दुपारी साडेबाराला. काही झालं तरी साडेबाराला.

एक घरचं सांगते. आमच्या त्या मुलीला हा धागा दाखवला. शार्ङ्गदेवाच्या दोषांची यादी तिने वहीत उतरवून घेतली. आरशासमोर बसून गाते आणि स्वतःचे दोष शोधते. करभ नाही, तुंबकी नाही, निमीलक थोडी आहे म्हणे. मग मला म्हणाली, "मावशी, मी त्या दिवशी भीत होते. बाकी काही नव्हतं." इतकं सरळ म्हणाली की मला पुढे काही बोलता आलं नाही.

ती यंदा गाणार नाही, तसं तिनेच ठरवलंय. दोन्ही दिवस मागे बसून लहान मुलांना तंबोरा धरणार आहे.

---

धाराशिवकर
येतो. आदल्या दिवशी दुपारीच येतो. सतरंज्या घालायलाही माणसं लागतील.

---

जुना_रसिक
तिला सांगा, उरलेले दोष मी लिहून पाठवतो. मी इथे निम्मेच दिले होते.

---

गोदाकाठ
माझ्याकडे मिरजेचे दोन तंबोरे आहेत, एक मुलींच्या पट्टीचा, एक मुलांच्या. बायकोच्या हातचं सूत लावलेलं आहे दोन्हींना. घेऊन येतो. त्या पोरीला म्हणावं, सकाळी आठला हॉलवर ये, लावायला दोघं मिळून बसू. मुलींचा काळी चारला लावू की पांढरी पाचला, ते अर्ज आले की कळवा.